चार हात वायर

शुक्रवारी सकाळी विहिरीवरची मोटर सुरू करायला गेलेला महिपती खटक्याला हात न लावताच परतला आणि ओसरीवर मटकन बसला. खारींनी वायरीवरचं वेष्टण कुरतडून खाल्लं होतं. खटक्याच्या फळीपासून मोटरीपर्यंत चार हात तांबं उन्हात लखलखत होतं. आणि शनिवारी वीजकंपनीचे तपासनीस येणार होते.

उघडी वायर दिसली की विजेचा जोड तोडायचा, असा कंपनीचा नियम. पण महिपतीला कंपनीपेक्षा धास्ती होती ती वडिलांची. मोटरीला आबासाहेबांचा पहिल्यापासून विरोध. त्यांनी भर चावडीवर सांगून ठेवलं होतं, "ज्या दिशी हिची वायर तुटंल, त्या दिशी मी मोट बांदणार. बैलं तू इकलीस, तवा मोटंचा नाडा बैलावानी तू वडायचा." आबासाहेब बोलले की करून दाखवत, हीच त्यांची सगळ्यात वाईट खोड होती.

सोलापूरचा वायरमन सोमवारशिवाय येणार नव्हता. शेवटी महिपतीने शेजारच्या बिरप्पा धनगराला गाठलं. बिरप्पाने वायर लांबूनच न्याहाळली.

"ह्येच्यावर काय हुतं?"

"काळं सूत. डांबर लावल्यालं."

"मग त्येचं येवडं काय? माजी मेंढरं काळी कुळकुळीत हायती. लोकर गुंडाळू की."

"आन इजंनं काय झालं तर?"

"आभाळातली ईज कडाडती तवा माजी मेंढरं उगड्यावर हुबी असत्यात. तुजी तारंतली तर लई बारकी."

हा युक्तिवाद महिपतीला पटला. खटका बंदच आहे ना हे पाहून दोघे बसले. बिरप्पा चातीवर लोकर पिळून सूत काढी आणि वेढ्याला वेढा भिडवून तारेवर चढवी. त्याची बायको शिवबाई चिंचोक्याची खळ घेऊन आली. घोंगड्याला देतात तशी तिने ती वायरीला दिली आणि दुपारच्या उन्हात वायर वाळून अशी ताठ झाली, की फळीपर्यंत येणारी खरी वायर तिच्यापुढे फाटकी दिसू लागली. महिपतीला इतका आनंद झाला की त्याने दोघांना गुळाचा चहा पाजला.

शनिवारी दुपारी तपासनीस साहेब सायकलवरून आले. डोक्यावर हॅट, काखेत जाडजूड शेरेबुक. मोटर चालवून झाली, पाटाला पाणी लागलं. मग त्यांनी स्वतः खटका पाडून मोटर बंद केली आणि वायरीवरून बोट फिरवत नेलं. फिरवता फिरवता ते थांबले.

"ही वायर कुठली?"

महिपतीला खोटं बोलवत नसे. "हितलीच की, साहेब."

"म्हणजे सोलापूरची?"

"जिल्ह्यातलीच हाय."

"अहो, विलायती वायर इतकी घट्ट नसते." साहेबांनी मोटेचं पाणी पडायच्या जुन्या थारोळ्याच्या काठावर बसून शाईने लिहिलं आणि कौतुकाने वाचून दाखवलं, "'वायर स्वतः हाताने तपासली. इतकी उत्तम वायर जिल्ह्यात पाहिली नाही. इतर ग्राहकांनी कित्ता गिरवावा.'" खाली सही केली, वर टीपकागद दाबला.

एवढ्यात बिरप्पाची शेळी खळीच्या वासाने आली. मागच्या पायांवर उभी राहून तिने वायर चाटली, पसंत पडली, म्हणून धाग्याचं टोक दातात धरलं. बिरप्पा "हुर्र" म्हणून धावला आणि तिथेच चुकला. शेळी धागा तोंडात घेऊन उसात पळाली आणि भोवऱ्याची दोरी सुटावी तशी वायर बघता बघता उघडी झाली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"लोकर हाय, साहेब," बिरप्पा म्हणाला. "पन चांगली हाय."

"जोड तोडतो." साहेबांनी शेरेबुक उघडलं. महिपतीच्या तळहातांना तेव्हाच नाड्याचे फोड आल्यासारखं झालं.

पण साहेबांचा टाक कागदावर टेकेना. पानांवर छापील आकडे होते, पान फाडता येत नव्हतं. शाई वाळली होती. खोडावं, तर मोठे साहेब विचारणार, स्वतः हाताने तपासलीत म्हणजे काय केलंत? त्यांनी आपली तीन वाक्यं दोनदा वाचली. 'कित्ता गिरवावा' वर आले तेव्हा त्यांनी शेरेबुक मिटलं.

"सोमवारी नवी वायर घालायची. तोवर खटक्याला हात लावायचा नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि आधी ती शेळी पकडा. सगळा धागा पाहिजे. वाटेने कुणी पाहिलं तर माझी शोभा होईल."

उसातून धागा परत आला तसे हॅट मोटरीवर ठेवून साहेब मांडी घालून बसले. ते वेढे घालत होते, बिरप्पा चुका काढत होता.

"फट ऱ्हायली, साहेब. उसवा."

साहेबांनी उसवलं.

पाण्याचा आवाज केव्हाचा थांबला म्हणून काठी टेकत आबासाहेब आले. महिपती उभा राहिला. म्हाताऱ्याने मोटर पाहिली, उघडी तार पाहिली, मग दातात धागा धरलेला साहेब बराच वेळ पाहिला. त्यांनी उभ्या जन्मात शेकडो नाडे वळले होते. त्यांना राहवेना. त्यांनी काठी बाजूला टाकली.

"सरका वाईच," ते साहेबांना म्हणाले, "उलटा पीळ घालताय तुमी. आना हिकडं."

आबासाहेबांच्या हातात वायर घट्ट होत चालली. महिपतीने भीत भीत विचारलं, "आबा, मग मोट कवा बांदायची?"

"गप रं," मान वर न करता ते म्हणाले. "हिला बी इसावा नको? जनावराला दुपारचं सोडावंच लागतंय. धर हे टोक."