‘इतर’ फोल्डरमधलं तळं

आमच्या कार्यालयाच्या सामायिक मेलबॉक्समध्ये ‘इतर’ नावाचा एक फोल्डर आहे आणि त्या फोल्डरमध्ये एक तळं आहे.

कार्यालय बियाण्यांचं, वऱ्हाडातलं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तळं असणं सोयीचंच, म्हणून ते कुठून आलं हे कोणी विचारत बसलं नाही. विचारणा होते ती परवानगीची, आणि ती माझ्याकडे होते. माझं आडनाव बोदडे. कोणाला कुठला फोल्डर दिसावा, कोणाला त्यात बदल करता यावा, हे माझ्या संगणकावरून ठरतं. लोकांना वाटतं, केवढा अधिकार! प्रत्यक्षात आमचे उपसंचालक धाबेकर साहेब यांचा होकार आल्याशिवाय मी कोणाला काहीही देऊ शकत नाही. शिव्या मात्र सगळ्या माझ्या वाट्याला.

नियम सोपे आहेत. फोल्डर उघडायचा आणि पडद्याकडे शांतपणे बघत राहायचं. थोड्या वेळाने खुर्ची बाहेर राहते आणि माणूस काठावर असतो. ज्याला ‘फक्त वाचन’ आहे त्याला बाभळीखाली बसता येतं, वारा ऐकता येतो, पलीकडचे बगळे बघता येतात. पण पाय पुढे केला की पाणी तेवढ्यापुरतं मागे सरकतं. ज्याला ‘बदल’ आहे त्याच्या पायाला पाणी लागतं. ते योग्यच आहे, कारण ओला होणारा माणूस थोडं का होईना पाणी सोबत घेऊन जातो, म्हणजे तळ्यात बदल करतो. ‘काढून टाकणे’ ही परवानगी कोणालाच दिलेली नाही. ती कोणी मागितलीच, तर मी आधी रजेवर जाईन.

परवानगी माणसाच्या नावावर लागते, पण ठरते पदावरून. आवक-जावक लिपिकाच्या पदाला फक्त वाचन होतं. त्यामुळे आमच्या आवकच्या ताई नोकरीभर रोज जेवणाच्या सुट्टीत काठावर बसल्या आणि कोरड्या परत आल्या.

निवृत्तीच्या महिन्यात त्या माझ्या टेबलाशी आल्या.

“बोदडेभाऊ, मले एकदा त्या पाण्यात पाय टाकायचा हाय.”

“ताई, तुमच्या पदाला बदल नाही.”

“ते मले ठाऊक हाय. इतकी वर्षं पाहूनच राहिली मी. पुढं जावं तं ते मागं सरकते. माणसानं किती सोसावं?”

मला त्यांचं म्हणणं पटलं. मी विनंती साहेबांकडे पाठवली. धाबेकर साहेब वाईट माणूस नाहीत, फक्त सही करायची वेळ आली की त्यांचं पोट बिघडतं. त्यांनी आधी विचारलं, लिपिक उतरल्याने पाणी गढूळ होईल का. मी म्हटलं, उपसंचालक उतरल्यावर होतं तितकंच होईल. मग त्यांनी विनंती बाजूला ठेवली, आणि ती तिथेच पडून राहिली. ताईंच्या शेवटच्या दिवशी, निरोप समारंभाच्या खुर्च्या मांडून झाल्यावर, मंजुरी आली. बदलाची परवानगी दिली होती, पुढील कार्यालयीन दिवसापासून लागू.

पुढील कार्यालयीन दिवशी ताई कर्मचारी नसणार होत्या.

“म्हंजे भेटलं, पण मले नाही भेटलं,” ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. मला साहेबांचा इतका राग आला की मी त्यांच्या खोलीकडे पाठ करून बसलो.

एक मार्ग होता. कर्मचारी निवृत्त झाला की आधी परवानगी काढायची आणि मग नाव, असा आमच्याकडचा क्रम आहे. परवानगी सुटली की नाव मोकळं होतं आणि शाल-श्रीफळाबरोबर माणसासोबत घरी जातं. क्रम उलटा झाला, नाव आधी निघालं, तर परवानगी तशीच राहते. मग ती कोणाच्याच नावावर नसते, म्हणून कोणालाच काढता येत नाही, आणि निवृत्त माणूसही घरून, कधीही तळ्यावर येऊ शकतो. पण नाव तिच्यात अडकतं, ते घरी जात नाही. पूर्वी एका ड्रायव्हरच्या बाबतीत घाईघाईत असं झालं होतं. त्याची बायको त्याला अजून ‘अहो’ म्हणते, पण ती आधीही तेच म्हणायची.

हे मी ताईंना स्पष्ट सांगितलं. “नाव जाईल. ते परत मिळत नाही.”

त्यांनी हातातल्या रुमालाची नीट घडी घातली.

“घरी कोण नावानं बोलावते मले?” त्या म्हणाल्या. “सून आई म्हणते, नातू आजी म्हणते. गल्लीत मी गजूची माय हावो. माह्यं नाव हापिसातच चालत होतं, भाऊ. इथंच काय ते कोणी घेत होतं.”

“म्हणूनच म्हणतो, विचार करा.”

“केला. उद्यापासून ते इथंही कोण घेणार हाय?” त्या उठल्या. “काढा.”

मी आधी नाव काढलं.

समारंभात साहेब भाषणाला उभे राहिले. “आपल्या आजच्या सत्कारमूर्ती, श्रीमती...” म्हणाले आणि थांबले. त्यांनी हार आणणाऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. मलाही काही आठवेना. शेवटी साहेब “आपल्या सर्वांच्या ताई” म्हणाले आणि टाळ्या वाजल्या. ताई शाल पांघरून, मान ताठ ठेवून बसल्या होत्या. सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या आणि मला फार वाईट वाटलं.

सोमवारी परवानग्यांच्या यादीत एक नवी ओळ होती. नावाच्या जागी लांबलचक आकडा आणि समोर ‘बदल’. जेवणाच्या सुट्टीत मी फोल्डर उघडला आणि बघत राहिलो.

ऊन मऊ होतं. बगळे पलीकडे होते. काठावर कोणी दिसत नव्हतं, पण काठापासून हातभर अंतरावर पाण्यावर दोन वर्तुळं उमटत होती, शेजारी शेजारी. पाणी मागे सरकत नव्हतं. कोणी पाय हलवावेत तशी वर्तुळं मोठी होत होती.

“ताई?” मी म्हटलं.

“गार हाय हो,” पाण्याजवळून आवाज आला. “मले वाटलं त्याच्यापेक्षा लय गार हाय. आन् खाली चिखल हाय. बोटात घुसते चिखल!”

त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. नावाने हाक मारावी असं फार वाटलं, पण नुसतेच ओठ हलले.

“त्याची काही गरज नाही, भाऊ,” त्या म्हणाल्या. वर्तुळं पुढे सरकली, मग त्यांची लाट झाली आणि कोणीतरी हात मारत तळ्याच्या मध्यापर्यंत निघून गेलं.

मी बाहेर येऊन खुर्चीत नीट बसलो, तेव्हा धाबेकर साहेब माझ्या मागे उभे होते. फोल्डर उघडाच होता आणि संगणकातून पाण्याचा आवाज येत होता.

“आत कोणी आहे का?” त्यांनी विचारलं.

“यादीप्रमाणे कोणी नाही, साहेब.”

साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग शेजारची स्टुलं बघितली, त्यातलं एक ओढून बसले आणि डोळे मिटले.

“बोदडे,” ते म्हणाले, “आवाज जरा मोठा करा.”