किडकी ज्वारी

भर बाजारच्या दिवशी, दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असताना, धोंडी हवालदार पायरीवर उभे राहून खणखणीत आवाजात विचारायचे, "गणपा, किडकी ज्वारी आली का रं?"

पलूसच्या पेठेत पाठीवर पोती वाहून मी हे दुकान उभं केलं. सगळे गणपतशेठ म्हणत, हा माणूस गणपाच म्हणायचा. तेही सोसलं असतं, पण त्याची आरोळी ऐकून गिऱ्हाइकं पिशव्या झटकून शेजारच्या दुकानात जात.

चांगली ज्वारी दाखवली की हवालदार तोंड वाकडं करत. तळहातावर दाणे पसरून पलटणीतल्यासारखी तपासणी करत. "ह्यात काय हालंना गड्या. हाललं पायजे." घासाघिशीत मी कुणाला हार जात नाही; पण जो स्वतःहून किडीचा भाव वाढवतो, त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

किडे हवे असत ते बेडकांना. घरात रांजणाखाली अंगठ्याएवढे बेडूक पाळले होते त्यांनी. किडकं धान्य आणि कोंडा मडक्यात घालून, तोंडाला फडकं बांधून, त्यात अळ्या वाढवायचे. मेलेली अळी बेडूक शिवत नाही, हे रस्त्यात कुणालाही थांबवून सांगायचे.

एकदा रेशनचा साहेब दुकानात बसलेला असताना त्यांनी तीच आरोळी ठोकली. साहेबानं माझी सगळी पोती फोडायला लावली आणि सगळा माल उन्हात घालायचा हुकूम देऊन गेला. मी तणतणत हवालदारांच्या घरी गेलो.

दार उघडंच होतं. हवालदारांची बायको, आमच्या काकू, भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकुलता पोरगा लढाईत गेल्याची खबर आल्यापासून त्या बोलत नाहीत, हे ऐकून होतो. असं बसणं पाहिलं नव्हतं. गालावर माशी बसली होती, हात उठत नव्हता.

हवालदारांनी त्यांच्यापुढं परात ठेवली, तीत बेडूक सोडला आणि चिमटीनं अळी टाकली. अळी वळवळली. बेडूक झेपावला. काकूंची नजर त्याच्यामागं तसूभर सरकली आणि पुन्हा विझली.

"बगितलंस?" हवालदार हळूच म्हणाले. "एवढंच हालतंय गड्या."

त्यांनी पुन्हा मडक्यात हात घातला. नुसता कोंडा निघाला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "किडकी न्हाईच का रं?"

भांडायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी सगळी पोती उन्हात पसरली. एक तेवढं मागच्या खोलीत, ओल्या भिंतीला टेकवून ठेवलं.