पहिल्या परदेशी फोनचा मान

ताडकळसच्या नागनाथला मस्कतला एक फोन करायचा होता. निरोप एका वाक्याचा: पासपोर्ट मुंबईत एजंटाकडे अडकलाय, रजा आठ दिवस वाढवा. नागनाथ तिथल्या एका कंपनीत वेल्डर होता. कंपनी तारेवर भरवसा ठेवत नसे. कामगाराने स्वतः बोललं पाहिजे. बुधवार दुपारपर्यंत बोलला नाही तर नोकरी गेली.

सुदैवाने गावात महिन्यापूर्वीच सार्वजनिक टेलिफोन केंद्र आलं होतं. दुर्दैवाने तिथून परदेशी फोन अजून कुणीच केला नव्हता.

"पयलाच हाय," केंद्रचालक माणिकराव गंभीर झाले. "असा उठून लावता येत न्हाई. आबासायबांला विचारावं लागंल."

आबासाहेब सोसायटीचे चेअरमन. गावात पहिल्यांदा काहीही होणार म्हटलं की त्यांना ते स्वतःच करावं लागे. त्यांनी तातडीने फोन नियोजन समिती नेमली. रविवारी समिती बसली, सोमवारीही बसली. फोन नागनाथचा आहे यावर समितीचं एकमत झालं. प्रश्न उरला तो त्यावर कोण बोलणार एवढाच. मंगळवारी मानक्रम ठरला: प्रास्ताविक सरपंच दिनकरराव, मार्गदर्शन आबासाहेब, तरुणांच्या वतीने भुजंग, आभारप्रदर्शन नागनाथ.

"सायेब, मला पयलं बोलू द्या," नागनाथ हात जोडून म्हणाला. "माझी नोकरी जायलीय."

"अरे, समतेचा कार्यक्रम हाय हा," आबासाहेब मायेने म्हणाले. "तुमच्या वस्तीतल्या माणसाला आभार मानायला पयल्यांदाच घेतलंय. गावात किती विरोध झाला, तुला म्हाईत न्हाई."

नागनाथची आई सुलाबाई दाराशी उभी होती. "फोन माझ्या लेकाचा, अन् आभार बी त्यानंच मानायचे? कामून?" तिने विचारलं. हा विषय कार्यक्रमपत्रिकेत नसल्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.

बुधवारी केंद्रापुढे मांडव पडला. टेलिफोनला हार घातला, नारळ फुटला. दुपारी दोनला लाइन लागली, तेव्हा मस्कतला साडेबारा वाजले होते. पलीकडे मॅनेजर कुरेशी, मूळचे हैदराबादचे. दिनकररावांनी त्यांना गावाची लोकसंख्या, बागायती क्षेत्र आणि आठवडी बाजाराचा वार सांगितला. मग आबासाहेबांनी घसा साफ केला. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. चाळीस वर्षांनी ती विद्या कामी येत होती.

"आदाब, कुरेशी साहब! नागनाथ का क्या पूछते? हमारे गाव का बच्चा है. उसको यहाँ कायकी कमी? आठ दिन नक्को, आठ साल रहो बोले हम! नौकरी की फिकर उसको नक्को, तुमकू भी नक्को!"

मांडवात टाळ्या पडल्या. नागनाथ फोनकडे झेपावला, पण भुजंगने त्याला अडवलं. "दम धर की गड्या, माझा नंबर हाय." भुजंगने पलीकडच्या सर्व तरुणांना जय महाराष्ट्र केला आणि लग्नाचा आहे का कुणी, हेही विचारून घेतलं.

शेवटी फोन नागनाथच्या हातात आला.

"मुबारक हो," कुरेशी म्हणाले. "तुम्हारे बुजुर्ग ने सब बता दिया. तुम्हारी जगह दूसरे को दे दी."

"साब, सुनो तो सही..." लाइन तुटली.

"परत लावा," नागनाथ ओरडला.

"लावू की," माणिकराव हार उतरवत म्हणाले. "दुसऱ्या फोनला समिती लागत न्हाई. कुणी बी लावावा."

दुसरा फोन लगेच लागला. तिकडची घंटा वाजत राहिली. मस्कतच्या कचेरीला गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, आणि बुधवारी सगळे एकच्या ठोक्याला घरी जातात. शनिवारी नागनाथच्या जागेवर दुसरा वेल्डर उभा होता.

रविवारच्या जिल्हा पेपरात तीन कॉलम बातमी आली: ताडकळसचा आवाज सातासमुद्रापार. खाली आबासाहेब, दिनकरराव, भुजंग, माणिकराव, मांडववाला, नारळ फोडणारा अशी बावीस नावं होती. शेवटी 'आदी' असा शब्द होता. नागनाथ त्यात होता.

बातमी तुम्हीही वाचली असेल. बावीस नावांत आपल्या ओळखीचं कोण आहे ते तुम्ही बोट फिरवून पाहिलंत आणि पान उलटलंत. फोन कुणाचा होता, ते विचारणारं एकही पत्र पेपराकडे आलेलं नाही.