मिठाची तीन दारे

जगातले कोणतेही दार आपणहून उघडत नाही. ते शेजारच्या दाराच्या तोंडाकडे बघत बसते. विज्ञानाने हे नव्वदच्या दशकात सिद्ध केले. नाशिककरांना आधीपासून ठाऊक होते.

आमच्या रुग्णालयात १९९८ साली शेखर डॉक्टरांनी यावर व्याख्यान दिले (उपस्थित सत्तावीस, पैकी जागे नऊ). श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींना मिठातला क्लोराइड बाहेर सोडायची दारे असतात. क्लोराइड गेला की मागोमाग पाणी जाते, कफ पातळ राहतो, माणूस खोकून मोकळा होतो. थोरले दार स्वतःचे काम सांभाळून शेजारच्या दारालाही हुकूम सोडते. थोरलेच बिघडले, तर शेजारचे दार धडधाकट असूनही बंद राहते.

हे ऐकून आम्हा कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा ऊर भरून आला. आमचा कारभार स्थापनेपासून असाच चालतो, तोही कुणी न शिकवता.

त्याच आठवड्यात घोटीच्या बायडाबाई नात हर्षालीला घेऊन आल्या. पोरीची छाती कफाने भरलेली, ओठ निळसर. तिला ताबडतोब वाफ हवी होती. आमच्याकडे खिडकी एकवर शिक्का मिळतो, खिडकी दोनवर वाफेचे मशीन. एकचे किशोरभाऊ जेवायला गेले होते (सकाळचे अकरा, भूक काही सांगून येत नाही). दोनवर निवृत्ती मशीनशेजारी बसला होता, निरोगी आणि तत्पर. रांगेत आधीपासून सुरगाण्याकडचा एक माणूस खांद्यावर धापा टाकणारे पोर घेऊन उभा होता. त्याला ओलांडून बायडाबाई पुढे झाल्या.

"दे ना रे बाबा वाफ. मशीन हाय, तू हायेस."

"मी आहेच, आजी. म्हणून तर शिक्का लागतो."

डॉक्टर म्हणाले होते, पेशीला आणखी एक, तिसरे दार असते. ते थोरल्याचे ऐकत नाही. कॅल्शियम मिळाले की उघडते. आमच्याकडे कॅल्शियमच्या जागी ओळख वापरतात.

"तू कुठला रे?" बायडाबाईंनी विचारले.

"चांदवडचा."

"माझी नणंद तिथंच दिलीया. सरूबाई."

"सरूमावशी? आमच्याच गल्लीतली की! आधी नाय का सांगायचं!"

मशीन घरघरले. हर्षालीच्या ओठांवर रंग आला आणि ती म्हणाली, "आजी, भूक लागली." बायडाबाईंनी डोळे पुसले. आम्हा सगळ्यांना फार बरे वाटले.

वाचकहो, तुम्हालाही वाटले असेल. सुरगाण्याकडच्या त्या पोराचे काय झाले, हे मात्र तुम्ही विचारले नाहीत. त्यात तुमची चूक नाही. मी त्याचे नावसुद्धा सांगितले नव्हते. ते पोर अजून रांगेत आहे, किशोरभाऊ अजून जेवत आहेत, आणि तुमचे तिसरे दार अगदी ठणठणीत आहे.