वाळूवरचा देवमासा

अभियंत्यांनी चौथऱ्यावर अंगठा दाबला आणि तो चांगला पेरभर आत गेला.

"अजून ओलं आहे," अंगठा रुमालाला पुसत ते म्हणाले. "आज मासा चढवता येणार नाही."

शिल्पकाराने आधी चौथऱ्याकडे पाहिलं, मग क्रेनला लोंबकळणाऱ्या आपल्या देवमाशाकडे. चाळीस फूट लांब, आतून पोकळ, फायबरचा. अकरा महिने त्याने त्यात घातले होते. त्याआधीची तीस वर्षं शाळा-संस्थांच्या आवारातले अर्धपुतळे करण्यात गेली होती, आणि त्यातल्या प्रत्येक पुतळ्यासमोर उभं राहून लोकांनी "हे कोण?" असं विचारलं होतं. एकदा तर खुद्द संस्थापकांच्या मुलानेच विचारलं. त्यामुळे बायको रोज पानं वाढताना बजावायची, "माणसांचं जाऊ द्या. निदान माशाचं तोंड तरी माशासारखं येऊ द्या."

"अहो, पण उद्या दहाला महापौर येणार!" शिल्पकार म्हणाला.

"नऊला क्रेन पाठवतो. तोवर राहू दे खाली वाळूवर. समुद्रकिनाऱ्यावर देवमासा ठेवलाय, त्याला कोण काय म्हणणार आहे?"

ताज्या रंगावर वाळू चिकटू नये म्हणून शिल्पकाराने घरून जुन्या चादरी आणून माशावर पांघरल्या आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो किनाऱ्यावर पोचला, तेव्हा माशाभोवती पन्नासएक माणसं जमली होती. समुद्रापासून माशापर्यंत रांग लावून हातोहात बादल्या येत होत्या आणि चादरींवर रिकाम्या होत होत्या. रांगेच्या टोकाला बुटात पाणी शिरलेल्या, तरी ताठ उभ्या असलेल्या एक बाई हुकूम सोडत होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत.

"कोणी अंगाला हात लावू नका! चादरीवरूनच पाणी घाला!" त्या म्हणाल्या. "कोणा भल्या माणसाने चादरी पांघरल्या म्हणून धुगधुगी आहे बिचाऱ्यात."

"बाई, त्या चादरी माझ्या आहेत," शिल्पकार धापा टाकत म्हणाला. "आणि मासाही माझाच आहे."

"रानावनातले, समुद्रातले जीव कोणाच्या मालकीचे नसतात. बादली धरा."

बाईंचा आवाजच असा होता, की शिल्पकाराने बादली धरली, स्वतःच्याच माशावर ओतली आणि मग तो भानावर आला.

"अहो, हा खोटा आहे! फायबरचा! मी केलाय!"

"धक्क्याने माणसं असं बरळतात," बाई शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या. ते जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी माशाला नळी लावली होती आणि डोळे मिटले होते.

"ठोके सापडत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "चरबीचा थर फार जाड आहे."

"चरबी कसली? पोकळ आहे तो! ऐका!" शिल्पकाराने पुढे होऊन माशाच्या पोटावर तीनदा ठोकलं.

आतून तीन ठोके परत आले.

गर्दीतून एकच आरोळी उठली, "जिवंत आहे!"

शिल्पकाराने दचकून हात मागे घेतला. मग त्याला एकदम आठवलं. त्याचा मेहुणा प्लंबर होता आणि माशाच्या पाठीवरच्या कारंज्याचा पंप बसवायला तो पहाटेच येणार होता. आत जायचं झाकण पोटाच्या एका अंगाला, शेपटीजवळ होतं. शिल्पकाराने वाकून पाहिलं. झाकण वाळूत रुतलं होतं.

"याला हलवलंत का कोणी?"

"कुशीवर केला," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. "श्वास घ्यायला बरं पडतं."

"अहो, आत माझा मेहुणा आहे!"

बादल्या थांबल्या. डॉक्टरांनी कानातली नळी काढली. "कधी गिळलं?"

"गिळलं नाही हो, तो आपल्या पायांनी आत गेला!"

"घरी काही वाद झाला होता का?" मागून एका आजोबांनी हळूच विचारलं.

गर्दीत उभी फूट पडली. अर्धे म्हणाले, पोट फाडून माणूस काढा. डॉक्टरांनी पिशवीतून सुरी काढलीसुद्धा. अर्धे सुरीच्या आड उभे राहिले. "दुर्मिळ प्राणी आहे हा," बाई म्हणाल्या. "मेहुणे काय..." शिल्पकाराचा चेहरा पाहून त्यांनी पुढचं गिळलं.

तेवढ्यात शिल्पकाराची बायको चहाचा थर्मास घेऊन आली. काय झालंय ते कळताच ती नवऱ्याकडे वळली. "माझा भाऊ आत, आणि तुम्ही बाहेर उभे?" तिने माशाला कान लावला. "अरे, ऐकतोयस का? बाहेर ये!"

"ताई, झाकण उघडत नाहीये गं!" माशाच्या पोटातून आवाज आला. "आणि अंधारात पाना सापडत नाहीये! थांब, इथे काहीतरी बटण लागतंय हाताला..."

"त्याला हात लावू नकोस!" शिल्पकार ओरडला.

माशाच्या पाठीतून पाण्याचा जाड फवारा सुटला. मासा कुशीवर असल्यामुळे तो आकाशात न जाता सरळ गर्दीवर आला. माशाच्या पोटातली टाकी रिकामी होईपर्यंत जागचं कोणी हललं नाही. मग पाठीतल्या भोकातून आधी पाइप बाहेर आला, मग एक हात, मग मेहुण्याचं डोकं. खांदे काही येईनात.

"भाऊजी," समोरची ओलीचिंब गर्दी पाहून डोकं म्हणालं, "उद्घाटन उरकलं की काय?"

आता मात्र सगळ्यांना सगळं कळलं. डॉक्टरांनी सुरी पिशवीत टाकली आणि ते समुद्राकडे बघत राहिले. मोठ्या बाई शिल्पकारासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. माफी मागतील, असं त्याला वाटलं.

"मग इतका खरा कशाला केलात?" त्या कडाडल्या.

तीस वर्षांत शिल्पकाराला असं कोणी म्हटलं नव्हतं. बायकोने त्याच्या हातात चहा दिला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "प्या. आणि डोळे पुसा, लोक बघतायत."

बाईंच्या हुकमावर शंभर हातांनी मासा सरळ केला, खालची वाळू उपसली आणि मेहुणा झाकणातून बाहेर आला. नऊला क्रेन आली. पावणेदहाला मासा चौथऱ्यावर होता. घरी जाऊन कपडे बदलायला कोणी तयार नव्हतं. आपला मासा नीट बसतोय की नाही, हे प्रत्येकाला बघायचं होतं.

दहाला महापौर आले. त्यांनी फीत कापली, हात मागे बांधून माशाभोवती एक फेरी मारली, मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं आणि शिल्पकाराच्या खांद्यावर हात ठेवला.

"काम छान आहे," ते म्हणाले. "रंगही झकास. फक्त एकच सांगतो, राग मानू नका. खरा नाही वाटत हो."

पन्नास ओली माणसं एकदम त्यांच्याकडे वळली. शिल्पकाराला आयुष्यात पहिल्यांदाच एका महापौराची दया आली.

"तुम्ही जरा इकडे या," मोठ्या बाई म्हणाल्या.

आणि महापौर त्यांच्याकडे गेले.