सुपडू आप्पांची अडखळणारी गिटार

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी सुपडू आप्पा हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या बेलचं बटण नेऊ का? माझं घासलं."

मला वाटलं, यांना त्यांच्या दाराला लावायचं असेल. शेजारधर्म म्हणून मी काढू दिलं. नंतर कळलं की त्यांच्या दाराला बेलच उरलेली नव्हती. तिचं बटण गिटारला लागून कधीच कामी आलेलं होतं, आणि आता आमच्या बटणाची पाळी होती.

गिटार म्हणजे पोरं गळ्यात अडकवून उड्या मारतात ती नव्हे. ही आडवी ठेवून वाजवायची. डाव्या हातात लोखंडाची कांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताच्या बोटांना टोप्यांसारखी नखं घालून तारा छेडायच्या. जुन्या गाण्यांत मागे कोणीतरी गोड गळा काढतंय असं वाटतं ना, ती ही गिटार. आप्पांनी ती जुन्या बाजारातून आणली. विकणाऱ्यानं सांगितलं, "ही आडवी वाजवतात." आप्पा पंधरा दिवस स्वतःच आडवे पडून, गिटार पोटावर घेऊन वाजवत होते. मान धरली तेव्हा कुठे शंका आली.

आप्पा मूळचे पारोळ्याकडचे. इथे लूमवाल्यांच्या वस्तीत, नवागामला, आले तेव्हा मिसरूड फुटत होतं. पुढे पस्तीस वर्षं लूमच्या कारखान्यात मास्टर, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारा माणूस. गिटारची कांडीसुद्धा त्यांनी लूमच्या शाफ्टचा तुकडा घासून घरी केली. विकतची हातात बसत नाही म्हणाले.

आता ते बटण. एका लग्नाला आप्पा गेले, तिथे डीजे. डीजेवाला गाणं मध्येच पकडायचा आणि ते अडखळल्यासारखं ट-ट-ट-ट-ट करत राहायचं. लोक नाचत होते, म्हातारे जेवणाच्या मंडपाकडे पळत होते, आणि सहासष्ट वर्षांचे आप्पा त्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर तीन तास उभे. जेवलेसुद्धा नाहीत. वांग्याचं भरीत होतं, तरी नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात मला गाठून म्हणाले, "मशीनले जमस, मंग हातले काबरं नही?"

मशीनला जमतं ते हाताला का नाही, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. याच तत्त्वावर त्यांनी एकदा घरचा मिक्सर बंद ठेवून शेरभर शेंगदाण्यांची चटणी पाट्यावर वाटली होती आणि पाठ धरून आठवडाभर पडले होते. पण माणूस सुधारत नाही. गिटारमधून स्पीकरकडे जाणारी वायर त्यांनी मध्ये कापली आणि तिथे बेलचं बटण बसवलं. बटण दाबलं की आवाज, सोडलं की बंद. ते अंगठ्यानं टकाटका दाबत बसायचे. महिनाभरानं मात्र तोंड पाडून आले आणि आमचं बटण परत केलं. म्हणाले, "साहेब, बटण म्हणजे पण मशीनच झालं. ही चोरी आहे." बटण अर्थात खलास झालं होतं. आमच्याकडे लोक आजही कडी वाजवतात, आणि आमची ही त्याबद्दल मलाच बोलते.

मग निव्वळ हातानं सुरू झालं. तीन बोटांनी एकाच तारेवर पाठोपाठ ठोके मारायचे, आणि दर दोन ठोक्यांच्या मध्ये तळव्याची कड तारेवर टेकवून आवाज कापायचा. मारायचं, कापायचं. मारायचं, कापायचं. एका चुटकीत बारा ठोके बसले पाहिजेत, हे माप त्यांनी स्वतःच ठरवलेलं. आणि याचा सराव सगळीकडे. ताटाच्या काठावर, भाजीवाल्याच्या तराजूवर, माझ्या स्कूटरच्या सीटवर. एकदा एकाच्या दशक्रियेला आम्ही शेजारी बसलो होतो. महाराज गंभीरपणे काही सांगत होते आणि आप्पांची बोटं माझ्या गुडघ्यावर धावत होती. मी डोळे वटारले, तर माझ्या कानात म्हणाले, "नववा ठोका निसटतोय." मयताच्या भावाला वाटलं, मी हुंदका दाबतोय.

इथवर गमतीचं होतं. पुढे प्रधानभाई आले.

प्रधानभाई आप्पांच्या बरोब्बर खाली राहतात. ओडिशाकडचे, लूमवर रातपाळी. सकाळी सातला सुटून येतात, चारपर्यंत झोपतात. एका दुपारी आप्पांचे बाराच्या बारा ठोके पहिल्यांदा बसले म्हणे, आणि त्या आनंदात ते थांबेचनात. खाली प्रधानभाई झोपेतून ताडकन उठले, "धागा टूटा, धागा टूटा" म्हणत धावले आणि भिंतीवरचा मेन स्विच पाडला. त्यांना वाटलं, लूममध्ये धागा तुटलाय आणि मशीन थांबवली नाही तर कापडाचा आख्खा ताका खराब होईल. पंखा थांबला, घामानं जाग आली, तेव्हा समजलं की आपण घरात आहोत आणि कमरेला फक्त गमछा आहे. तसेच वर आले. त्यांची तक्रार आवाजाची नव्हतीच. म्हणाले, "साहब, मेरा पलंग हिलता है."

असं चारदा झालं. शेवटी मीटिंग भरली. मी सोसायटीचा सेक्रेटरी, जन्मभर बँकेत काढलेला. ठराव लिहायचा म्हटलं की मला स्फुरण चढतं. सुवाच्य अक्षरात लिहिलं: गिटार कायमची बंद करावी, अन्यथा घरमालकास कळवून खोली खाली करून घेण्यात येईल. आप्पा भाड्यानं राहतात, आणि या वयात त्यांना दुसरं घर कोण देणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारपर्यंत त्यांची सही आणायचं काम माझ्याकडे आलं.

खरं तर मार्ग सोपा होता. आप्पा हळू वाजवतात ना, तेव्हा काय वाजवतात म्हणून सांगू. गणपतीत त्यांनी एक भजन वाजवलं होतं, सावकाश, एकेक सूर ओढत. ज्यांच्यात वर्षभर पार्किंगवरून अबोला होता ते दोघं शेजारी बसून ऐकत होते. मी आप्पांना बाजूला घेऊन म्हटलं, "हळू वाजवा. कोणाला काही वांधो नाही. मी ठराव फाडून टाकतो."

"हळूचं काही कामाचं नाही, साहेब."

"अहो, पण लोकांना आवडतं ना."

"लोकांना आवडतं," असं म्हणून ते जिना चढून गेले. मला राग आला. म्हटलं, आडमुठा माणूस, भोग आपल्या कर्माची फळं.

घरात ते आणि द्वारकावैनी, दोघंच. वैनींनी त्याच कारखान्यात तीस वर्षं धाग्याच्या बॉबिनी भरल्या. शेकडो लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले ते गेलेच. कानाचं यंत्रही लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. सोसायटीतला एक विनोद होता, की आप्पांच्या गिटारबद्दल तक्रार नसलेली एकमेव व्यक्ती म्हणजे वैनी. तो विनोद पहिल्यांदा मीच केला होता. आज सांगताना लाज वाटते.

रविवारी मी कागद आणि पेन घेऊन गेलो. दार लोटलेलं होतं. कडी वाजवली, कोणाला पत्ता नाही, म्हणून आत डोकावलो.

लाकडी टेबलावर गिटार आडवी होती. तिच्या शेजारी स्पीकरचा डबा, तोंड खाली करून टेबलावर पालथा घातलेला. समोर वैनी दोन्ही तळवे टेबलावर पसरून, डोळे मिटून बसल्या होत्या. आप्पा वाजवत होते, ट-ट-ट-ट, आणि वैनींची मान त्या ठोक्यांबरोबर हलत होती. अचानक त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "तुटना." म्हणजे तुटला, ठोका निसटला.

आप्पांनी हात थांबवला. मुकाट्यानं मान डोलावली आणि पहिल्यापासून सुरू करणार, तेवढ्यात मी दिसलो. हातातला कागदही दिसला. पण ते कागदाबद्दल बोललेच नाहीत.

"वर्षभर हळू वाजवून पाहिलं, साहेब," ते म्हणाले. "ही अशीच हात ठेवून बसायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी थांबलो की विचारायची, सुरू केलं का? त्या लग्नात डीजे वाजला ना, तेव्हा ही माझ्या शेजारीच खुर्चीत बसली होती. एकदम माझा हात धरला आणि म्हणाली, काहीतरी वाजतंय. बारा वर्षांनी म्हणाली. आता तो डीजेवाला मी घरी कुठून आणू?"

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"चुकलं की बरोबर पकडते. आधी कारखान्यात माझ्या चुका काढायची, आता इथे काढते. दिवसभर घरात दोघंच हो. तेवढंच बोलणं होतं आमचं."

वैनींनी डोळे उघडले. मला बघून हसल्या. "ये भाऊ, बठ," म्हणाल्या, आणि माझा हात धरून टेबलावर पालथा ठेवला. "अठे ठेव."

आप्पांनी वाजवायला घेतलं. तळव्याखाली लाकूड थरथरायला लागलं. मी चांगले दोन कान उघडे ठेवून ऐकत होतो, मला सगळं बिनचूक वाटत होतं. मध्येच वैनी म्हणाल्या, "तुटना," आणि आप्पांनी ओशाळून कबूल केलं, की हो, तुटला. मी तिथे बसूनच रडलो. वैनींना वाटलं, मला गिटार फार आवडली.

खाली उतरलो तर प्रधानभाई नुकते उठून जिन्यात चहाचा ग्लास घेऊन उभे. "साइन हो गया?"

मी कागद फाडला आणि त्यांना सगळं सांगितलं. वैनींचे तळवे, पालथा डबा, बारा वर्षं. वर आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून हळूच सांगितलं.

प्रधानभाई माझ्या ओठांकडे बघत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला आणि डाव्या कानाला बोट लावलं. "जोर से बोलो ना, साहब. इधर से थोड़ा कम आता है."

अठरा वर्षं झालीत त्यांना लूमवर. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यांदा.

त्यांच्या हातातला चहा निवून गेला. मग म्हणाले, "चार के बाद बजाने दो. चार बजे मैं उठ जाता हूँ." आणि थोडं थांबून विचारलं, "वो टेबल पे और एक आदमी बैठ सकता है क्या?"