पाच तास बाकी आणि चारची गाडी

"वाशिम जिल्ह्यातले सारे कॉम्प्युटर मले पाहून थरथरतात," असं स्वतःबद्दल सांगणारा अख्ख्या मालेगावात एकच माणूस, पुनीत. त्याच्या छापील कार्डावर 'संगणक गुप्तहेर', गळ्यात भिंग. भिंग मधोमध तडकलेलं, त्यामुळे त्याला प्रत्येक गुन्ह्यात दोन आरोपी दिसायचे.

जुनैदनं त्याला बोलावलं तेव्हा अडीच वाजले होते. जुनैद लग्नाचे व्हिडिओ करायचा. गेल्या हप्त्यापर्यंत अख्खं लग्न कॉम्प्युटरमधून पाऊण तासात तयार होऊन निघायचं. आज कृतिकाच्या लग्नाच्या व्हिडिओला पडदा म्हणत होता, पाच तास बाकी! आणि कृतिका चारच्या गाडीनं सासरी निघणार होती.

ती आणि तिचे वडील कांतीलाल समोरच बसले होते. लग्नात कांतीलाल दिवसभर जिलबीच्या कढईपाशी. पोरीनं माळ घातली तेव्हा ते आचाऱ्याशी भांडत होते.

"तेवढी माळ मले पोरीसंग बसून पाह्याची आहे, बस," ते म्हणाले.

कॉम्प्युटरच्या डब्याला जुनैदची आई अमीनाबी हिनं शिवलेलं मखमली कव्हर होतं, झालरीसकट. पुनीतनं त्यावर चहाचा कप ठेवला आणि तपास सुरू केला.

"पयला संशय वऱ्हाडावर. माणसं लय झाली, म्हणून व्हिडिओ जड झाला."

"मंग काय पाहुण्यांले कापू?" जुनैद म्हणाला.

"मामाकडल्यांले कापलं त चालते," कांतीलाल हळूच म्हणाले.

"बाबा!" कृतिका ओरडली.

"दुसरा संशय नवरदेवावर. तो स्लो मोशनमदे चालून राह्यला, त्याले पाहून मशीनबी तशीच चालते."

जुनैदनं कपाळावर हात मारला. पडदा म्हणाला, सव्वापाच तास.

"चहा मात्र कडक! अर्धा तास झाला, थंडच नाही होत," म्हणत पुनीतनं घोट घेतला, जीभ भाजली, अन् उरलेला चहा मखमलीवर.

"मुडद्या, माहं नवं कव्हर!" अमीनाबी आतून धावत आली. कव्हर धुवायला ओढून काढलं आणि डब्याला हात लागताच किंचाळली, "या अल्ला! याले त ताप भरला! जरा हवा लागू दे बिचाऱ्याले." तिनं टेबलफॅन डब्याकडे वळवला.

पाच मिनिटांत पडदा म्हणाला, अर्धा तास बाकी. मशीन तापली की हळू चालते, हे जुनैदला ठाऊक होतं. पण आईच्या कव्हरवर संशय कोण घेणार?

"अम्मी, हे कव्हर घालाचं सुचलं कसं तुमाले?"

"मले कायले सुचते? गेल्या हप्त्यात यानंच सांगतलं, धूळ लागते, सारा डबा झाकून टाका."

सगळ्यांनी पुनीतकडे पाहिलं. पुनीतनं भिंगातून छताकडे पाहिलं.

पावणेचारला पडद्यावर माळ पडली. कांतीलालनी लेकीचा हात धरून ती तीनदा पाहिली आणि ढसाढसा रडले. कृतिका रडली, अमीनाबी ओल्या कव्हरात तोंड लपवून रडली, पुनीतही रडला. मग डोळे पुसून त्यानं डायरीत लिहिलं: 'गुन्हेगार सापडला. मनानं चांगला आहे, म्हणून सोडून दिला.'